आप्पा आणि बोटीचा पंखा

स्मरणिकेच्या संपादक मंडळातल्या एका ताईंचा फोन आला. "या वर्षी तरी लेख द्या. आणि कृपा करून ‘माझा सॉफ्टवेअरमधला प्रवास’ नको, ते तीन आले आहेत."

मी त्या वेळी गॅरेजमध्ये होतो, हाताला कोपरापर्यंत ग्रीस. म्हटलं, "बोटीच्या पंख्यावर लिहिलं तर चालेल?"

"पंख्यावर? म्हणजे छताला असतो तो?"

"नाही हो, पाण्यात असतो तो. प्रॉपेलर."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "लिहा. निदान तो विषय दुसऱ्या कुणी घेतला नसेल."

तर मंडळी, हा लेख बोटीच्या पंख्यावर आहे. पुस्तकात त्याला प्रॉपेलर म्हणतात, पण आमच्या कोकणात तो पंखाच. पंख्यात जाळं अडकलं, पंख्याला दगड लागला, असंच बोलतात.

आमची बोट म्हणजे कुणी सिनेमातली पांढरीशुभ्र यॉट डोळ्यासमोर आणू नये. पावणेपाच मीटरची ॲल्युमिनियमची, इथे जिला लाडाने ‘टिनी’ म्हणतात ती. २०१५ साली सेकंडहँड घेतली. मागे ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. आम्ही हॉर्न्सबीच्या जवळ राहतो, तिथून हॉक्सबरी नदीवरचं ब्रुकलिन अर्ध्या तासावर. न्यू साउथ वेल्समध्ये दहा नॉट किंवा त्याहून जास्त वेगाने बोट चालवायची तर लायसन्स लागतं, ते मी पहिल्या फटक्यात काढलं. लेखी परीक्षा असली की आपली मराठी माणसं मागे हटत नाहीत. बायकोने फक्त एकच प्रश्न विचारला, "ही ठेवायची कुठे?" तेव्हापासून आमची गाडी रस्त्यावर आणि बोट ड्राइव्हवेवर, ट्रेलरवर.

डिसेंबर २०१७ मध्ये आई-आप्पा सहा महिन्यांसाठी आले. आईचं काही अडत नाही. तिला स्वयंपाकघर आणि नात मिळाली की ती कुठल्याही खंडात सुखी असते. आप्पांचं मात्र अवघड. ते किती वाजता उठतात, किती वेळा कोपऱ्यापर्यंत चालून येतात, कालची मालिका कितीदा पाहतात, हे तुमच्यापैकी ज्यांचे वडील इथे राहून गेलेत त्यांना वेगळं सांगायला नको. "कंटाळा येतो का?" विचारलं की "छे, छे". दोन आठवड्यांत त्यांनी आमच्या घराची सगळी किरकिरणारी दारं दुरुस्त केली. मग दारं संपली.

रोज संध्याकाळी ते बोटीभोवती एक चक्कर मारायचे. इंजिनाच्या मागे उभं राहून थोडं वाकून बघायचे. बोलत काही नव्हते आणि मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुचलंच नाही. आप्पा ३६ वर्षं माझगाव डॉकमध्ये होते, हे मला अर्थातच ठाऊक होतं. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘सर्व्हिस’ असं लिहीत आलो होतो. त्या सर्व्हिसमध्ये दिवसभर नेमकं काय करायचं असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. एकदा ते मला डॉक दाखवायला नेणार होते, पण सातवीच्या स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली होती. ते राहिलं ते राहिलंच.

आता अपघाताकडे येतो. अपघात हा शब्द मोठा आहे, पण दुसरा सापडत नाही.

जानेवारी २०१८. आदल्या आठवड्यात ओहोटीच्या वेळी मी एकटाच गेलो होतो आणि कालवांच्या खडकाला पंखा घासला होता. तीन पात्यांपैकी एकाचा कोपरा चिंध्या झाल्यासारखा. नवा पंखा विकत आणला आणि घरी बसवला. दोन व्हिडिओ पाहिले होते, मास्टर्स झालेलं होतं, आणखी काय हवं? पंख्याच्या नटाला किल्ल्याच्या बुरुजासारख्या खाचा असतात. त्या खाचांतून आणि शाफ्टच्या भोकातून एक स्प्लिट पिन आरपार जाते. नट फिरून सुटू नये म्हणून. जुनी पिन सरळ करताना तिचा एक पाय मोडला. दुकान बंद झालेलं. म्हटलं, एक पाय आहे ना, चालेल. शिवाय नट पूर्ण आवळल्यावर खाच आणि भोक एका रेषेत येईना, म्हणून मी नट थोडा मागे घेतला. झालं काम!

रविवारी मी, आप्पा आणि नऊ वर्षांची लेक असे निघालो. आईला बोट लागते म्हणून ती आणि बायको घरी. लायन आयलंडपर्यंत गेलो, डबा खाल्ला, आप्पांनी पाण्यात हात घालून चव पाहिली आणि "आपल्यापेक्षा खारट" असा निकाल दिला. परत येताना लेकीला डँगर आयलंडवर उतरून आइस्क्रीम हवं होतं. धक्क्याजवळ आल्यावर वेग मारायला मी रिव्हर्स टाकला. ‘खळ्ळ’ असा आवाज झाला आणि इंजिन एकदम किंचाळायला लागलं. बोट थांबेचना.

हे रिव्हर्सलाच का झालं, ते मला नंतर कळलं. बोट पुढे जात असते तेव्हा पंखा पाणी मागे ढकलतो आणि स्वतः पुढे, म्हणजे इंजिनाच्या दिशेने, दाबला जातो. नट सैल असला तरी तो जागेवर बसून राहतो. रिव्हर्स टाकला की ओढ उलटी होते आणि पंख्याला धरून ठेवायला फक्त नट उरतो. तो आधीच निघालेला. म्हणजे दिवसभर आम्ही तीन जण नुसत्या दाबावर फिरत होतो!

बोट धक्क्याला नाकाने थडकली आणि मागे सरली. भरतीचा जोर होता, तो आम्हाला वर रेल्वे पुलाकडे ओढायला लागला. हॉक्सबरीचा आताचा पूल १९४६ चा, पण १८८९ च्या जुन्या पुलाचे दगडी खांब त्याच्या शेजारी अजून तसेच उभे आहेत. गाडीतून जाताना मला ते फार आवडायचे. त्या दिवशी खालून पाहिले. मी पुन्हा पुन्हा गिअर पुढे-मागे करत होतो, जणू सर्व्हर रीस्टार्ट करतोय.

"इंजिन बंद कर," आप्पा म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पंखा गेलाय. नांगर कुठे आहे?"

मी सांगेपर्यंत एकाहत्तर वर्षांचा माणूस वाकत वाकत पुढे पोहोचलाही होता. पहिल्यांदा नांगर घसरला. आप्पांनी दोरी आणखी सोडली, आणखी सोडली, मग दोरीवर हात ठेवून उभे राहिले. नांगर धरला की दोरीला कळतं म्हणतात. बोटीने झटका खाऊन तोंड फिरवलं आणि आम्ही थांबलो. जयगडच्या खाडीत त्यांचं लहानपण गेलं. नोकरीसाठी मुंबईला आले तेही पडावातून आगबोटीवर चढून, भाऊच्या धक्क्यावर उतरून. हे मला ठाऊक होतं, पण आजोळच्या गोष्टी ठाऊक असतात तसं.

मी रेडिओवर १६ नंबरच्या चॅनेलला बोललो. मरीन रेस्क्यूचे दोघे स्वयंसेवक साधारण पाऊण तासाने आले, दोघेही आप्पांच्याच वयाचे. आम्हाला ओढून रॅम्पपर्यंत आणलं आणि एका शब्दानेही टोचलं नाही. त्यांच्या देणगीच्या डब्यात तेव्हापासून दर वर्षी काही ना काही टाकतो. लेकीने वाटेत विचारलं, "आजोबा, आपला पंखा कुठे गेला?"

"विसर्जन झालं त्याचं," आप्पा म्हणाले.

रात्री जेवणं झाल्यावर ते गॅरेजमध्ये आले. उघड्या शाफ्टवरून बोट फिरवलं. "पिन कुठली घातली होतीस?"

मी सांगितलं. एका पायाची पिन आणि मागे घेतलेला नट, दोन्ही. वाटलं, आता ऐकावं लागणार. आप्पा एवढंच म्हणाले, "भोक जुळत नसेल तर नट पुढे न्यायचा. मागे कधीच नाही." आणि थोड्या वेळाने, "पोरगी होती बोटीत."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली आणि आप्पांना घेऊन दुकानात गेलो. पुन्हा पंखा, नट, वायसरांचा पूर्ण संच आणि स्टेनलेसच्या दहा पिना. दहा पिनांची किंमत एका कॉफीपेक्षा फार जास्त नव्हती. ही गोष्ट आप्पांनी बिलावर दोनदा वाचली.

मग आमची शाळा सुरू झाली. आधी इंजिनाची किल्ली काढून खिशात आणि थांबवायची लाल दोरीही काढून ठेवायची. पंख्यात हात असताना चुकून कुणी इंजिन फिरवलं तर बोटं जातात. मग शाफ्ट स्वच्छ पुसायचा. शाफ्टवर लांबीने दातेरी खाचा असतात, तशाच पंख्याच्या आतून. जुनं ग्रीस, वाळू, मीठ हे त्या खाचांतून टूथब्रशने काढायचं. त्यानंतर नवं मरीन ग्रीस, पाण्याने धुऊन न जाणारं. "ग्रीस पंखा घट्ट बसवण्यासाठी नसतं, पुढच्या वेळी निघावा म्हणून असतं," आप्पा म्हणाले. खाऱ्या पाण्यात वर्षभर कोरडा राहिलेला पंखा शाफ्टला असा चिकटतो की मग हातोड्यांनीच काढावा लागतो, आणि हातोड्याने निघालेला पंखा पुन्हा लावायच्या लायकीचा राहत नाही.

ग्रीसनंतर येतं जाड वायसर. इंजिनाचं मॅन्युअल मी वाचून दाखवत होतो आणि आप्पा हातात धरून बघत होते. या वायसराची एक बाजू आतून निमुळती असते, ती शाफ्टच्या उतारावर बरोबर बसली पाहिजे. पंख्याचा सगळा जोर याच्यावर येतो. बोटीला पुढे ढकलणारा सगळा रेटा पंख्यातून या वायसरात, वायसरातून शाफ्टला आणि तिथून बोटीला जातो. ते उलटं बसवलं किंवा विसरलं तर पंखा पुढे सरकून गिअरच्या घराला घासायला लागतो. आप्पांनी ते बसवलं, काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. "निळं असतं तर बघितलं असतं," म्हणाले.

"निळं म्हणजे?"

आणि आप्पा बोलायला लागले. मोठ्या जहाजाचा शाफ्ट टोकाला निमुळता असतो आणि पंख्याचं भोकही तसंच. दोन्ही एकमेकांत किती बसतात हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून शाफ्टला प्रशियन ब्लूचा पातळ हात द्यायचा, पंखा चढवून उतरवायचा आणि आत निळं कुठे कुठे लागलं ते पाहायचं. जिथे लागलं तिथे उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा चढवणं, पुन्हा खरवडणं. सगळीकडे सारखे ठिपके उमटेपर्यंत. कधी कधी यात दिवसच्या दिवस जात. टनांचा पंखा आणि खरवडायचं केसापेक्षा बारीक! १९६८ साली ते अप्रेंटिस म्हणून लागले. त्याच वर्षी ‘निलगिरी’ पाण्यात उतरली आणि १९७२ साली नौदलात गेली. भारतात बांधलेली ती पहिली मोठी युद्धनौका. आप्पांनी तिच्यावर काय केलं विचारलं, तर म्हणाले, "मी नवीन होतो. चिंध्या द्यायचो." मग जरा थांबून, "पण चांगल्या चिंध्या द्यायचो."

पन्नास वर्षांनी ही गोष्ट मी सिडनीच्या एका गॅरेजमध्ये ऐकत होतो. घरी येण्याआधी आप्पा डॉकमध्येच रॉकेलने हात धुऊन यायचे. लहानपणी मला तो वास म्हणजे लोकलचा वास वाटायचा.

सगळंच त्यांना माहीत होतं असंही नाही. आउटबोर्डच्या पंख्याच्या मधोमध रबर असतं, हे ऐकून ते चकित झाले. "रबर? पंख्यात?" मी मॅन्युअल दाखवलं. पंखा खडकावर आपटला तर धक्का गिअरच्या दातांपर्यंत जाऊ नये म्हणून हे रबर निसटतं. अगदी छोट्या जुन्या इंजिनांत त्यासाठी एक नरम पिन असते, ती मोडते आणि गिअर वाचतो. रबर म्हातारं झालं की मात्र ऐन वेगात निसटायला लागतं. इंजिन ओरडतं आणि बोट जागेवर. आप्पांनी लगेच उपाय काढला. पंख्याच्या आतल्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एकच सरळ रेघ मारून ठेवायची. रेघ तुटली, म्हणजे रबर सरकलं. ही रेघ आमच्या पंख्यावर आजही आहे, लेकीच्या नेलपॉलिशची.

शेवटी नट. पंखा फिरू नये म्हणून पातं आणि वरची आडवी पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवायचा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने नट आवळायचा, भोक जुळत नसेल तर किंचित पुढे. नवी पिन घालायची आणि दोन्ही पाय पक्कडीने उलट दिशांना वाकवायचे. पिन एकदा वाकवली की तिचं आयुष्य संपलं, ती परत सरळ करून वापरायची नाही. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासायचा, कारण ग्रीस पसरतं आणि सगळं जरा बसतं.

पुढच्या रविवारी निघालो. मी नटाकडे शंभर वेळा पाहिलं असेल. आप्पा वेगळंच ऐकत होते. "हे कण्हतंय," म्हणाले.

"काय?"

"इंजिन. घाटात चौथ्या गिअरवर चढणाऱ्या एस.टी.सारखं."

आता माझा नंबर होता. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. आमच्यावर ११ ३/८ आणि १३. पहिला व्यास, इंचांत. दुसरा पिच, म्हणजे पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर एका फेऱ्यात स्क्रूसारखा पंखा किती इंच पुढे गेला असता तो आकडा. मी एक्सेल उघडलं. पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला ४,८०० फेरे, गिअर १.८५ ला एक, पिच १३. हिशेबाने वेग यायला हवा जवळजवळ २८ नॉट. जी.पी.एस. दाखवतं २३. मधला फरक म्हणजे पाण्यात घसरणं. ते दहा-वीस टक्के असायचंच, पाणी लाकूड नव्हे. खरी भानगड पहिल्या आकड्यात होती. आमच्या इंजिनाने पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ६,००० फेरे करावेत, असं मॅन्युअल सांगतं. ४,८०० म्हणजे पिच जास्त, इंजिन ओझ्याखाली. आधीच्या मालकाने बहुधा एकट्याने फिरण्यासाठी तो आकार लावला असेल आणि मी तोच नंबर दोनदा डोळे मिटून विकत घेतला होता. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. ११ चा लावला. फेरे ५,२०० वर गेले, वरचा वेग होता तेवढाच राहिला, पण माणसं आणि डबे भरलेली बोट आता पाण्यावर पटकन उठायला लागली.

आप्पांनी एक्सेल शीट चष्मा लावून पाहिलं. "आमच्याकडे हे डिझाइनचे साहेब करायचे," म्हणाले. मी काय काम करतो, याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला प्रशंसेचा उद्गार.

त्या सहा महिन्यांत मी पंख्यावर जे मिळेल ते वाचून काढलं आणि रोज रात्री त्यांना सांगितलं. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस पेटिट स्मिथची गोष्ट त्यांना फार आवडली. त्याने १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात लाकडी स्क्रूवर बोट चालवली. स्क्रू दोन वेढ्यांचा लांबलचक होता. वाटेत तो कशाला तरी लागून अर्धा तुटला आणि बोट हळू होण्याऐवजी जोरात पळायला लागली. "म्हणजे त्याचाही मोडला," आप्पा म्हणाले. माझ्याकडे बघून.

दुसरी गोष्ट तर आपल्या सिडनीची. न्यू साउथ वेल्सचे सर्व्हेअर जनरल सर थॉमस मिचेल. रस्ते आखणारा, अर्ध्या प्रदेशाचे नकाशे करणारा हा माणूस इथल्या आदिवासींचं बूमरँग पाहून विचारात पडला. जे हवेत असं फिरतं, ते पाण्यात का नको? त्याने ‘बूमरँग प्रॉपेलर’ बनवला आणि १८५२ साली सिडनी हार्बरमध्ये आगबोटीला लावून पाहिला. पुढे इंग्लंडमध्येही चाचण्या झाल्या, पण तो चालला नाही, म्हणजे धंद्यात. १८५५ साली मिचेल गेला. त्याची कबर न्यूटाउनच्या कॅम्परडाउन स्मशानभूमीत आहे. आप्पांना सिडनीत काय दाखवू विचारलं तर ऑपेरा हाउस झालंय, म्हणाले, त्या पंखेवाल्याकडे जाऊ. गेलो. मोठ्या झाडांखाली जरा वेळ उभे राहिले. "वरिष्ठांशी पटत नसणार त्याचं," एवढाच शेरा. घरी येऊन वाचलं, तर खरंच फारसं पटत नव्हतं!

आता ज्यांच्याकडे बोट आहे (मंडळात निदान चार घरं मला ठाऊक आहेत) त्यांच्यासाठी देखभालीचं थोडं. सगळ्यात मोठा शत्रू खडक नाही, मासेमारीचा तंगूस. बारीक पारदर्शक दोरा पंख्यात ओढला जातो, शाफ्टभोवती गुंडाळला जातो आणि आतल्या ऑइल सीलला कापतो. मग पाणी गिअरमध्ये. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पंखा काढून मागे बघायचं. आम्हाला एकदा चांगला वावभर सापडला. गिअर ऑइल बदलताना ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजायचं पाणी शिरलंय. तसंच इंजिन चालवू नका.

पात्याची छोटी ठेच कानशीने गुळगुळीत करता येते, पण हात आवरता घ्यावा. तिन्ही पात्यांचं वजन आणि वाक सारखं राहिलं पाहिजे, नाहीतर थरथर सुरू होते आणि ती बेअरिंग खाते. मोठी ठेच असेल तर दुरुस्तीवाल्याकडे. पात्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर ते कॅव्हिटेशन. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाणी थंडच असताना त्याला उकळी फुटते आणि ते बुडबुडे फुटताना धातू टोकरतात. आप्पांनी आणखी एक सांगितलं जे माझ्या कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मोठ्या जहाजांचा पंखा कधी कधी गातो. पाण्याखालून एकसुरी आवाज येतो, रात्री खलाशांना झोप लागत नाही. पात्याची मागची कड विशिष्ट तऱ्हेने तासली की गाणं थांबतं.

आणि ॲनोड. इंजिनाच्या खालच्या भागाला पंख्याजवळ धातूचा एक ठोकळा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यांतला एक झिजतो. तो झिजणारा म्हणजे हा ठोकळा, इंजिनाच्या वाटचं स्वतः झिजतो. अर्धा झाला की बदलायचा आणि त्याला रंग कधीच द्यायचा नाही, रंग दिला की तो कामच करत नाही. परत आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुवायचं, कितीही दमला असाल तरी. माझ्या बायकोच्या मते मी आंघोळीआधी इंजिनाला आंघोळ घालतो. आरोप खरा आहे.

बोटीत आता एक श्रीखंडाचा रिकामा डबा असतो. त्यात जादा नट, वायसर, सहा पिना, पक्कड. जुना घासलेला पंखा कानशीने बरा करून जादा म्हणून सीटखाली ठेवलाय.

जून २०१८ मध्ये आई-आप्पा परत गेले. पुढच्या वेळी यायचं ठरलं होतं २०२० साली. त्या वर्षी मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या, ते आपण सगळ्यांनीच भोगलंय. पुढे उघडल्या तेव्हा आप्पांच्या गुडघ्यांना इतका लांबचा प्रवास झेपेना. आता ते ठाण्यालाच असतात आणि दर वर्षी मी जातो. पण एक पद्धत त्या बंद वर्षात सुरू झाली ती राहिली. पंखा काढायचा दिवस असला की ठाण्याला व्हिडिओ कॉल. फोन गॅरेजच्या फळीवर टेकवून ठेवायचा. आमची दुपार, त्यांची सकाळ, हातात चहाचा कप.

परवा पंखा लेकीने लावला. ती आता सोळा वर्षांची आहे, मला हात लावू देत नाही. ग्रीस, वायसर, पंखा, नट, ठोकळा. मराठी तिचं असं तसंच आहे, पण ‘वायसर’ आणि ‘पाना’ हे शब्द ती आप्पांसारखे म्हणते. पिन घातली, पक्कडीने वाकवली, हात पुसले आणि म्हणाली, "झालं, आजोबा."

"पिन दाखव," ठाण्याहून आवाज आला.

तिने फोन खाली नेला.

"अजून जवळ. हां. आता पलीकडून." बराच वेळ काही नाही. मला वाटलं कॉल तुटला. "दुसरा पाय पूर्ण वाकलेला नाही."

मी वाकून पाहिलं. नव्हता.